माइनक्राफ्टमध्ये जुनी पेठ उभी करायचीये? मग शनिवारवाडा शेवटी ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अकरावीतले पाच जण, सुट्टीचे दोन महिने, माइनक्राफ्टमध्ये (म्हणजे चौकोनी ठोकळे, ब्लॉक, रचून जग उभं करायच्या गेममध्ये) पेशव्यांच्या काळातला शनिवारवाडा आणि त्याभोवतीच्या पेठा जशाच्या तशा बांधायच्यात, तर स्केल काय घ्यायचं, ब्लॉक कुठले वापरायचे आणि सुरुवात कुठून करायची. मी दिवसा जुन्या वाड्यांची मोजमापं घेऊन ड्रॉइंग काढण्याचं काम करते आणि गेली सात-आठ वर्षं रात्री तेच वाडे ब्लॉकमध्ये बांधत बसते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी खाल्लेले फटके सांगते, लांबलचक होईल, चहा घेऊन बसा.

आधी वाईट बातमी. शनिवारवाडा आतून कसा दिसायचा हे खात्रीने सांगणारं चित्र आपल्याकडे नाहीये. १७३२ ला वास्तुशांत झाली, पुढे प्रत्येक पेशव्याने भर घातली, आणि २७ फेब्रुवारी १८२८ ला जी आग लागली ती सात दिवस धुमसत होती. उरलं काय तर तटबंदी, बुरूज, दरवाजे, वरचा नगारखाना आणि आतली जोती, म्हणजे दगडी चौथरे. म्हणजे प्लॅन मिळतो, उंची मिळत नाही. सात मजली म्हणतात, ते मजले तुम्ही कशाच्या आधारावर चढवणार? इंटरनेटवर जी थ्रीडी चित्रं फिरतात ती कुणीतरी आपल्या डोक्याने काढलेली असतात, तुम्ही त्यावरून बांधलं की अंदाजावर अंदाज झाला. मी स्वतः पहिल्या वर्षी हेच केलं, चार महिने घालवून भलामोठा महाल बांधला, दिसायला झकास, पण एका सरांनी विचारलं की हा सज्जा इथे कशावरून, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो सगळा वर्ल्ड अजून हार्डडिस्कवर पडून आहे, उघडत नाही मी.

म्हणून माझा सल्ला, वाडा राहू दे, आधी गल्ली घ्या. आणि वर्ष बदला. "पेशवाई" हे वर्ष नाहीये, ती शंभर वर्षांची गोष्ट आहे, १७४० चं पुणं आणि १८०० चं पुणं यात जमीन-अस्मानाचा फरक. एक तारीख पक्की करा, शक्यतो अशी की त्या दिवशीचं पुणं पाहिलेलं माणूस अजून भेटू शकेल. मी घेतलेली तारीख ११ जुलै १९६१. दुसऱ्या दिवशी सकाळी पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं, आणि नदीकाठच्या नारायण, शनिवार, कसबा पेठेतले कितीतरी वाडे त्या एका दिवसात बसले. का बसले तर खाली दगडी जोतं, मधे लाकडी सांगाडा आणि वरच्या भिंती बऱ्याच ठिकाणी कच्च्या विटांच्या नाहीतर मातीच्या, भिजल्या की विरघळतात. तर पुराच्या आदल्या दिवशीची पेठ म्हणजे पेशवाईतल्या वाड्यांचा शेवटचा मोठा संच जागेवर उभा असलेली पेठ. तुम्हाला पेशवाई हवीये ना, ती तिथे आहेच, फक्त तिच्या अंगावर मंगलोरी कौलं, विजेच्या तारा आणि चौकात सायकली आहेत.

याचा दुसरा फायदा, पुरावे. सिटी सर्व्हेचे नकाशे मिळतात, त्यात प्रत्येक प्लॉटची हद्द असते, घराघरात मुंजी-लग्नांचे फोटो असतात ज्यात नवऱ्यामुलाच्या मागे चौक, खांब, जिना सगळं आलेलं असतं (माझे निम्मे खांब मुंजीच्या फोटोंवरून आलेत, मुंजा हलल्यामुळे धूसर आणि खांब एकदम शार्प), आणि पंचाऐंशीच्या आसपासची माणसं आहेत ज्यांना अजून सगळं आठवतं. फोटो मागायला जाल तेव्हा मात्र विचारून घ्या, ज्या घरात आज माणसं राहतायत त्याचं आतलं बांधकाम त्यांच्या परवानगीशिवाय कुठे टाकू नका.

आता स्केल. गेममधला ब्लॉक म्हणजे एक मीटर, खेळाडू एक पूर्णांक आठ ब्लॉक उंच, दार दोन ब्लॉकचं. सगळे म्हणतात मग एकास एक करा, सोपंय. डेन्मार्कच्या सरकारी खात्याने २०१४ मध्ये अख्खा देश एकास एक केला होता आपल्या नकाशांच्या डेटावरून, आणि भारी काम होतं ते, पण घरं म्हणजे डबे. देशासाठी ते ठीक, पेठेसाठी नाही. कारण वाड्याचं माप मीटरमध्ये नसतं, खणात असतं. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच-सहा फूट. पुण्यात अजून जुनी माणसं "दोन खणांची खोली" म्हणतात ते हेच. एकास एक केलं तर खण होतो दीड-पावणेदोन ब्लॉक, म्हणजे खांब लावला की मधे जागाच उरत नाही, मग लोक खण ओढून तीन ब्लॉक करतात पण बाकीचं तसंच ठेवतात आणि पाच खणी वाडा अचानक बंगल्याएवढा दिसायला लागतो.

मी दीडपट घेते. एक मीटरला दीड ब्लॉक. मग खण येतो सव्वादोन-पावणेतीन ब्लॉक, तो पूर्ण तीन धरते, एक खांब आणि दोन मोकळे, आणि त्या दोनात दोन झडपांचं दार किंवा दोन झडपांची खिडकी अगदी मापात बसते. मजल्याची उंची वाड्यात कमीच असते, सात-आठ फूट, उंच माणूस तुळईला डोकं आपटतो, ती येते तीन ब्लॉक मोकळे आणि वर एक ब्लॉक जमिनीचा. दीडपटीचं अजून एक कारण, गेममधला माणूस सेकंदाला सव्वाचार ब्लॉक चालतो, म्हणजे आपल्या चालीच्या तिप्पट, एकास एक गल्ली डोळे मिटायच्या आत संपते.

पण बोळ मात्र कधी वरच्या आकड्याला नेऊ नका. आठ फुटी बोळ दीडपटीने साडेतीन-पावणेचार ब्लॉक येतो, तो तीनच करा. सगळ्यांना मोह होतो चार-पाच करायचा, कॅमेरा फिरवायला बरं पडतं म्हणून, आणि तिथेच पेठ मरते. बोळात समोरून सायकल आली तर एकाने भिंतीला चिकटायचं, हे ब्लॉकमध्ये जाणवलं पाहिजे.

दिशेचा घोळ आधीच सोडवा. गल्ल्या काही उत्तर-दक्षिण आखलेल्या नसतात आणि ब्लॉक तिरके होत नाहीत, तिरकी भिंत म्हणजे करवतीचे दात. मी नकाशा दहा-बारा अंश फिरवून घेतला, मुख्य रस्ता अक्षाला लागेल असा, सूर्य थोडा चुकीच्या जागी उगवतो, आजवर एकानेही पकडलं नाही. जे बोळ तरीही तिरके राहतात त्यांना दोनास एक, तीनास एक, चारास एक असल्या नियमित टप्प्यांवर बसवा. मधलं कुठलंतरी प्रमाण घेतलं की भिंत मध्येच अडखळल्यासारखी दिसते. नारायण-सदाशिवसारख्या पेशवाईत वसवलेल्या पेठा त्यामानाने सरळ, त्यात हे जमतं. कसबा जुना, तिथे गल्ल्या मनाला येतील तशा वळतात, पहिल्याच प्रोजेक्टला कसब्यात शिरू नका एवढं ऐका.

उतार. हा माझा आवडता राग आहे. दहापैकी नऊ जण सुपरफ्लॅट, म्हणजे एकदम सपाट, वर्ल्ड घेतात आणि बांधत सुटतात. लक्ष्मी रोडवरून नदीकडे चालत जा एकदा, पाय सांगतील किती उतार आहे. याच उताराने ठरलं पुराच्या दिवशी कुणाच्या उंबऱ्याला पाणी लागलं आणि कुणाच्या माळ्यावर गेलं. उपग्रहाचा फुकट मिळणारा उंचीचा डेटा, तीस मीटरला एक आकडा असा, तो इथे उपयोगाचा नाही, एकतर फारच जाड आणि दुसरं म्हणजे दाट वस्तीत तो जमीन नाही तर छपरं मोजतो. जुना कंटूर (उंचीच्या रेषा) असलेला शीट मिळाला तर सोनं, नाहीतर सरळ नदीकाठच्या ओंकारेश्वराच्या देवळाच्या बाजूने घाटाच्या पायऱ्या मोजा, गल्लीत प्रत्येक जोत्याला किती पायऱ्या चढाव्या लागतात ते लिहा, खालच्या बाजूच्या घराला जास्त पायऱ्या असतात, त्या फरकावरून उतार निघतो. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आणि गेममध्ये ३२० च्या वर ब्लॉक ठेवता येत नाही, त्यामुळे खरे आकडे टाकायच्या भानगडीत पडू नका, नदीचं पाणी ६२ ला ठेवा, गेमचा समुद्रही तिथेच असतो, आणि तिथून वर मोजत या.

ब्लॉकचं सांगते, यात मजा आहे. दख्खनचा दगड म्हणजे बेसाल्ट, आणि गेममध्ये बसाल्ट नावाचा ब्लॉक आहे, त्यामुळे प्रत्येक पुणेकर पोरगं आनंदाने तो घेतं आणि फसतं. त्यावर उभ्या रेघा आहेत, भिंतीला लावला की लोखंडी पत्र्याची शेड वाटते. जोत्याला अँडेसाइट, टफ ब्रिक (१.२१ पासून आल्यात) आणि अधूनमधून कॉबल्ड डीपस्लेट असं मिसळा, खालच्या दोन थरांत डीपस्लेट जास्त, कारण पावसात खालचा दगड काळा-ओला असतो. विटांचा ब्लॉक फार लाल आहे, विलायती बंगल्याचा, पेशवाई वीट चपटी आणि फिकट. मी मड ब्रिक, ग्रॅनाइट आणि तपकिरी टेराकोटा मिसळते, कुठे गिलावा पडलाय असं दाखवायचं असेल तिथेच वीट, बाकी भिंतीवर चुना. आणि १९६१ मध्ये चुना म्हणजे पांढराशुभ्र नाही, निळसर, पिवळट, पिस्ता, प्रत्येक बिऱ्हाडाने आपल्यापुरता मारलेला. एकाच ओसरीत खांबागणिक रंग बदलतो, असं दिसलं की वाडा एकदम खरा वाटायला लागतो.

लाकडाला डार्क ओक आणि स्प्रूस, खांबाला सोललेला म्हणजे स्ट्रिप्ड डार्क ओक, खांबावरच्या कोरीव हस्तांना (तुळईखालच्या आधारांना) उलट्या स्टेअर, म्हणजे पायरीचे ब्लॉक. महिरप करायची तर दोन उलट्या स्टेअर आणि मधे ट्रॅपडोअर (आडव्या दाराचा ब्लॉक), याहून जास्त नक्षी तीन ब्लॉकच्या खणात बसत नाही, प्रयत्न करू नका, चिवडा होतो. विश्रामबागवाड्याचे सुरूच्या झाडासारखे खांब बघून पोरांना चेव येतो, पण तो दुसऱ्या बाजीरावाचा राहता वाडा, तुमच्या गल्लीतल्या भिक्षुकाच्या वाड्यात साधे चौकोनी खांबच होते. कडीपाटाला, म्हणजे लाकडी छताला, मात्र वेळ द्या, आडवे लॉग एकाआड एक आणि वर फळ्यांचे स्लॅब (अर्ध्या उंचीचे ब्लॉक), खालून मान वर करून बघितलं की ते पट्टे दिसले पाहिजेत, बरेच जण छत सपाट सोडतात.

कौलांवर सगळ्यात जास्त चुका होतात. तुम्ही जर हट्टाने पेशवाईच घेतलीत तर लक्षात ठेवा, मंगलोरी कौल त्यावेळी नव्हतं, मंगळूरचा पहिला कारखाना १८६० च्या दशकातला. त्याआधी कुंभाराची अर्धगोल नळीची कौलं, रंग मातकट आणि रांगा वेड्यावाकड्या. १९६१ घेतलंत तर मंगलोरी बिनधास्त, त्याला ब्रिक आणि ग्रॅनाइटच्या स्टेअर मिसळून, मधेच एखादी अकेशियाची, ती नव्याने बदललेली कौलं म्हणून. मागच्या बाजूला पत्रे येतात, गंजका पत्रा हवा असेल तर एक्स्पोज्ड कॉपर, म्हणजे हवेने रंग बदललेला तांब्याचा ब्लॉक, पण मेण लावलेलाच घ्या. मी एकदा विसरले आणि वर्ल्ड चालू ठेवून निवांत इकडेतिकडे गेले, परत आले तर अर्ध्या पेठेचे पत्रे हिरवे.

तारखा तपासायची सवय लावा. झेड ब्रिज नाही, भिडे पूल नाही, बालगंधर्व रंगमंदिर १९६८ चं, तेही नाही. लकडी पूल आहे (मूळचा लाकडी पानिपताच्या वर्षातला, १७६१, तुम्ही दाखवाल तो अर्थातच दगडी), नवा पूल आहे, तो १९२३ चा. केसरी वाडा आहे. लाल महाल आत्ता दिसतो तो नाही, तो नंतरचा.

आता आत शिरू. वाडा म्हणजे चौक, हे पाठ्यपुस्तकात असतं. चौकाभोवती ओसरी, मग सोपा, माजघर, देवघर, भिंतीत कोनाडे आणि फडताळं, जाड भिंतीत बळद, म्हणजे धान्य साठवायची पोकळी. पण १९६१ च्या वाड्यात एका कुटुंबाच्या जागी आठ-दहा बिऱ्हाडं होती. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूला सोडवेना, त्यामुळे सोप्याला फळ्या ठोकून दोन खोल्या, ओसरीला पत्रा लावून मोरी, जिन्याखाली कोळसा, असं वाढत गेलं. हे बांधा. मूळ वाडा आधी स्वच्छ बांधून घ्या, त्याची एक कॉपी ठेवा, आणि मग त्यात बिऱ्हाडं भरा, कारण प्रत्यक्षात तसंच झालं, आणि उलट क्रमाने बांधलं तर पार्टिशन खांबांशी जुळतात, जे खऱ्या वाड्यात कधीच जुळत नाहीत.

एक प्रसंग सांगते. माझी मावसआजी लग्न होऊन नारायण पेठेतल्या अशाच वाड्यात आली होती. मी तिचा वाडा फोटो आणि सिटी सर्व्हेवरून बांधला, अगदी खूश होते, लॅपटॉप तिच्या पुढ्यात ठेवून चौकात फिरवून आणलं. ती चष्मा सारखा करत म्हणाली, "अगं नळ इकडे कुठे आणलास, तो त्या कोपऱ्यात, इथे तुळस. आणि जिन्यात दोर कुठाय?" मला काही कळेना. मग तिने सांगितलं, जिना इतका उभा आणि अंधारा की मधोमध वरून एक जाड दोर सोडलेला असायचा, घागर एका हातात आणि दोर दुसऱ्या हातात, आणि वर जिन्याच्या तोंडाला आडवं दार, रात्री वरून लावून घ्यायचं. मी वाड्यांची शेकडो ड्रॉइंग काढलीत, जिन्यावरचं आडवं दार काढलंय, पण दोर कधीच काढला नाही कारण मी जाईपर्यंत दोर कुजून गेलेला असतो, वर नुसती कडी राहते. आता मी प्रत्येक जिन्यात वरून साखळीचा ब्लॉक लोंबता सोडते. आणि वरच्या दाराला गेममध्ये ट्रॅपडोअर आहेच, फोडून सांगायची गरजच नाही. तो जिना दर तीन ब्लॉक उंचीला दोन ब्लॉक लांबीत बसवावा लागतो, सरळ स्टेअरने होत नाही, स्लॅब आणि लॅडर मिसळा, चढायला त्रास झाला पाहिजे.

उजेडाचंही तसंच. गेममध्ये अंधार म्हणजे राक्षस येणार म्हणून लोक जिथेतिथे टॉर्च खोचतात आणि माजघर लग्नाच्या हॉलसारखं उजळतं. गेमरूलमधून मॉब (हेच राक्षस) येणं बंद करा आणि मग अंधाराला घाबरायचं कारण नाही. अदृश्य लाइट ब्लॉक मिळतो, त्याची पातळी शून्य ते पंधरा ठेवता येते, माजघरात पाच-सहा पुरे, चौकात सूर्य आहेच. चौकातल्या लख्ख उन्हातून सोप्यात पाऊल टाकलं की डोळ्यापुढे क्षणभर काळोख, हे जमलं तर निम्मं काम झालं.

कामाची वाटणी. पाच जण, आठ आठवडे, अभ्यास-क्लास सांभाळून आठवड्याला प्रत्येकी चार संध्याकाळी धरल्या तर एकशेसाठ संध्याकाळी होतात. एक वाडा आतून चौकासकट करायला मला तीन-चार लागतात, नुसतं दर्शनी तोंड असेल तर एक. म्हणजे वाड्याला चार धरल्या तर चाळीस वाडे आतून, तेही सगळं सुरळीत झालं तर. पहिले दोन आठवडे नकाशा, उतार आणि सुटे भाग यातच जातील, ते जाऊ द्या. म्हणून मी म्हणेन पंधरा वाडे पूर्ण, पंचवीस नुसते बाहेरून, एक देऊळ, एक हौद, एक चौक. एक पूर्ण गल्ली. शनिवारवाड्यासकट सगळ्या पेठा दोन महिन्यांत हे विसरा. प्रत्येकाने सलग शेजारचे वाडे घ्या, विखुरलेले नको, कारण सामाईक भिंतीवरून भांडणं होतात, खऱ्यासारखीच.

सुटे भाग म्हणजे दिंडीदरवाजा (मोठ्या दारातलं छोटं दार), गजांची खिडकी, कोनाडा, सज्जा, असे वीसेक नमुने करून ठेवा आणि वर्ल्डएडिटने (गेमला जोडायचं एडिटिंगचं साधन) कॉपी-पेस्ट करा. पण अख्खा वाडा कॉपी करायचा नाही, ही एकच सक्त मनाई. एक वाडा चाळीस वेळा चिकटवला की ती पेठ नाही, बिल्डरची स्कीम होते. वर्ल्डएडिट जाव्हा एडिशनवर चालतं, फोनवाली बेडरॉक वेगळी, तुमच्यापैकी कोण कशावर खेळतंय ते पहिल्या दिवशी विचारा, नाहीतर महिनाभराने कळतं की दोघं आतच येऊ शकत नाहीत. लायसनचे पैसे नसतील तर लुआंटी आहे, आधी माइनटेस्ट म्हणायचे, फुकट आहे, ब्लॉक कमी देखणे पण पेठ बांधता येते.

एक तक्ता ठेवा, प्रत्येक वाड्यासमोर लिहायचं: फोटो, मोजमाप, आठवण की अंदाज. आणि हे नुसतं तक्त्यात नाही, वर्ल्डमध्येही दिसू दे. आमची पद्धत अशी की जिथे निव्वळ अंदाज आहे तिथे उंबऱ्याखाली पिवळ्या लोकरीचा ब्लॉक पुरायचा, आठवण असेल तर निळा, फोटो किंवा मोजमाप असेल तर पांढरा. कुणी विचारलं हे कशावरून, तर उंबरा उचलून दाखवायचा. माझ्या सध्याच्या गल्लीत पिवळे अजून एक तृतीयांश आहेत, कबूल करते. आणि शनिवारवाडा बांधायचाच असेल शेवटी तर तट आणि दिल्ली दरवाजा पांढऱ्यावर बांधा आणि आत १९६१ ला होतं तसं, जोती आणि हिरवळ. लोक विचारतात महाल कुठाय, म्हणायचं जळला.

बॅकअप रोज. एका स्वस्त होस्टिंगवाल्याकडे आमचा सर्व्हर होता, त्यांची डिस्क गेली आणि बॅकअप घेतो म्हणाले होते ते काही घेत नव्हते, तीन आठवड्यांचं काम गेलं, त्यात ओंकारेश्वराचा अख्खा घाट होता. तेव्हापासून माझ्याकडे तीन ठिकाणी कॉपी असतात. बाहेरच्या लोकांना वर्ल्ड दाखवायला उघडलंत तर कॉपीच उघडा. वर सांगितलेल्या डेन्मार्कवाल्यांनी डायनामाइट बंद केलं होतं, पण डायनामाइट भरलेली रेल्वेची ट्रॉली चालू राहिली होती, पोरांनी तेवढ्यावर शहराचा भाग उडवून अमेरिकेचे झेंडे रोवले.

राहिला पूर. १९६१ घेतलंत की तुमच्यातलं कुणीतरी म्हणणारच की पाणी सोडून बघूया, आमच्यातही म्हणाले. कॉपीवरच करा, नदीपासून वर हव्या त्या पातळीपर्यंत सिलेक्शन घ्यायचं आणि हवेच्या जागी पाणी भरायचं, एकदम नाही, एकेक ब्लॉकने चढवत, नाहीतर मशीन बसतं. उतार नीट केला असेल तर पाणी बरोबर खालच्या बोळांतून आधी शिरतं, वळणावर थांबतं, मग दिंडीतून चौकात. आम्ही पातळी ठरवली होती एका भिंतीवरच्या खुणेवरून. मावसआजी बघत होती, पाणी चौकातून ओसरीवर आलं, जिन्याला लागलं, दुसरी पायरी, तिसरी पायरी, चौथी बुडाली तशी ती म्हणाली, "नाही नाही, एवढं नाही आलं. चौथीवर मी बसले होते, कडेवर सुमीला घेऊन." आम्ही पातळी एक ब्लॉक खाली घेतली आणि त्या वाड्याच्या उंबऱ्याखालचा पांढरा काढून निळा टाकला.